साडेपंधराची कॉलर

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता बरे असावेत अशी आशा आहे. नसतील तरी आज मला फारसं वाईट वाटणार नाही, इतका मी चिडलोय.

तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, मी शिंपी. चार दिवस पाहुणे म्हणून आलात आणि जेवता जेवता सांगून गेलात की व्यसन हा आजार नाही, दर वेळी नव्याने केलेली निवड आहे. मी मान डोलावली (तोंडात घास होता, नाहीतर भांडलोच असतो). तुम्ही हात धुऊन गाडीत बसलात. तुमची बहीण मात्र त्यावर विचार करत बसली आणि संध्याकाळी म्हणाली, "म्हणजे मुलगी झाली तेव्हा मी आत कळा सोसत होते आणि तुम्ही दवाखान्याच्या फाटकाबाहेर सिगरेट निवडत होता." तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. आज एकोणीस दिवस झाले. इतकी वर्षं 'सवयीपुढे बिचाऱ्याचं काही चालत नाही' म्हणून ती मला सांभाळून घेत आली, तो 'बिचारा' तुम्ही घरातून काढून नेलात. उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातं?

भाषेचा उगम हातवाऱ्यांतून झाला, हेही तुमचंच. मग या आणि बघा. एकदा झाकण आपटलं की जेवण तयार, दोनदा आपटलं की गिऱ्हाईक आलंय, तीनदा म्हणजे नुसताच राग. दुकानात ती वहीतून मापं वाचते आणि मी कापतो, ही आमची लग्नापासूनची पद्धत. आता ती बोटं दाखवते. बँकेच्या मॅनेजरची कॉलर साडेपंधरा. तिने दहा बोटं दाखवली, मग पाच, मग अर्ध्यासाठी एक बोट मुडपलं. मला वाटलं, माझ्याच नावाने बोटं मोडतेय. मी पंधरा कापली. मॅनेजरने वरचं बटण लावलं आणि लालबुंद झाला, त्याच्याही तोंडून शब्द फुटेना. तुमच्या आदिमानवांना शर्ट शिवायचे नव्हते, म्हणून त्यांचं निभावलं.

तुमच्या ज्ञानाने पोळलेला,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. तिला दोन ओळी लिहा, की व्यसन हा आजारच आहे, बोलताना चूक झाली. तुमचं ती ऐकते.

ता. क. पटत नसलं तरी लिहा.

ता. क. मला मात्र तो आजार आहे असं लिहू नका. त्या दिवशी नर्स मला बोलवायला फाटकापर्यंत आली होती. मी म्हणालो, एवढी संपवून येतो.