तापात पाहिलेलं सिंगापूर

गुरुवार, संध्याकाळ. सिंगापूर.

सकाळीच ताप होता. सहलीला सोबत आलेल्या सरांना म्हटलं, मी खोलीवर थांबते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "भोरहून इथवर झोपायला आलीस का?" मग मीही गेले सगळ्यांबरोबर. बागा, पूल, उंच इमारती... मी काय पाहिलं? बसमधल्या पुढच्या सीटची निळी पाठ. दिवसभर तिलाच कपाळ टेकलं होतं. मला उलटी झाली तशी प्रणाली उठून मागं गेली. एसटीत रोज माझ्याशेजारी बसणारी हीच ना? पुन्हा ती निळी पाठ, आणि शेजारची रिकामी जागा.

आत्ता आईचा फोन आला. "आमच्या वाटचं बी बघ गं!"

"व्हय, लई भारी हाय."

तिनं शेजारच्या काकूंना हाक मारली. "ह्यांना बी सांग की जरा."

मी न पाहिलेलं सगळं सांगत बसले.