एक काच, चाळीस वेळा

६ मार्च
आजही पडदा काळाकुट्ट! बाबा सात महिने बोललेले नाहीत. ऐकू तरी येतं का, कुणीच सांगत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेलं कवटीचं हाड डॉक्टर एकोणीस तारखेला परत बसवणार — मग आमच्या अल्ट्रासाउंडला मेंदू दिसणं बंद. बापासाठी अख्खी प्रयोगशाळा वेठीला धरलीय, याची आमच्या प्रमुख मॅडम रोज आठवण करून देतात.

९ मार्च
आमच्या गणितीनं यंत्राची संवेदनशीलता तिपटीनं वाढवली. मेंदू कामाला लागला की तिथं रक्त वाढतं, तेवढंसंही आता दिसेल. पण बाबांनी आवंढा गिळला की पडद्यावर भूकंप! "एकदा बघून कळणार नाही," गणिती म्हणाला. "तोच आवाज, तेवढाच वेळ, चाळीस वेळा. मध्ये शांतता. मग सरासरी काढू."

गाणी झाली, घंटा झाली. बाबा ढिम्म.

१२ मार्च
आत्याला आणलं. बाबांची धाकटी बहीण. तोंडाचा पट्टा सुटला की आवरत नाही. लहानपणी बाबांनी शेजाऱ्यांची काच फोडून आळ हिच्यावर घातला — तेच ऐकवायचं ठरलं.

गणिती स्टॉपवॉच धरून: "आत्या, त्याच सुरात!"

"त्याच सुरात कसं? मला दर वेळी नवा राग येतो!"

पहिल्या फेरीत एक काच. विसाव्या फेरीत तीन. छत्तिसाव्या फेरीला शेजाऱ्यांचं घरच उरलं नाही. मॅडम तोंड दाबून बाहेर पळाल्या. सगळं वाया!

१३ मार्च
आज कागदावर लिहून दिलं. एकच काच, चाळीस वेळा. शेवटी आत्या मला म्हणते, "मीच फोडली असेन गं."

१६ मार्च
सरासरी आली. पडद्यावर ठिपका पेटलाय! लख्ख!

पण आत्या बोलते तेव्हा अंधार. ती थांबली की उजेड.

"म्हणजे मी गप्प बसले की याला बरं वाटतं?" आत्या तणतणत घरी गेली.

मॅडमना वाटतं, गणितात उलटसुलट झालं. गणितीनं तीनदा तपासलं — नाही. तीनच दिवस राहिले. मला फार भीती वाटतेय.

१८ मार्च
गणितीनं तेरा तारखेचं खोलीतलं रेकॉर्डिंग ऐकवलं. आत्या थांबली की दर वेळी बाबांच्या कानाशी कुणीतरी कुजबुजतंय — "झालं हं बाबा, थोडंच राहिलं." चाळीस वेळा. आवाज माझा! मला पत्ताच नाही.

मॅडम म्हणाल्या, शांतता भंगली, प्रयोग बाद.

बाद तर बाद. बाबा माझं ऐकत होते!