शुक्रवार क्लबची किल्ली

मी, सदानंद दत्ताजी सरनाईक, वय एकसष्ट, मूळचा कोल्हापूरचा, गेली एकतीस वर्षे दुबईत आणि त्यातली सत्तावीस करामातल्या याच इमारतीत राहणारा, आज शनिवार दिनांक २२ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. डोके ठिकाणावर आहे, हे मुद्दाम लिहितो, कारण मंगळवारी तेच उघडणार आहेत. आतली एक रक्तवाहिनी फुगली आहे. शंभरातले दहा टेबलावरून उठत नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. मी आयुष्यभर गोलकीपर होतो. दहातला एक सुटतो म्हणजे काय, ते मला समजावून सांगावे लागत नाही.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मात्र २०१४ साली रागाच्या भरात एक ठराव लिहिला होता. तो या कागदाने रद्द करायचा आहे. त्याचा खुलासा कलम पाचमध्ये येईल.

२. कोल्हापूरचा फ्लॅट, इथल्या आणि तिथल्या बँकेतले जे काही असेल ते, आणि कंपनीकडून मिळायचे ते सर्व माझी पत्नी मृणालिनी हिचे. तिने ते आपल्या मनाने वापरावे. हे कलम तिला वाचून दाखवले, तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "आधी घरी परत ये, मग वाटण्या कर."

३. गाडी, घड्याळ आणि माझे ग्लोव्ह्ज मुलगा वेदांग याला. क्लब त्याला देत नाही. त्याला क्लबची अकादमी करायची आहे. फी, युनिफॉर्म, कोच, सगळे त्याच्या लॅपटॉपवर तयार आहे. मी नको म्हटले, तर म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ ग्राउंड. बी प्रॅक्टिकल." पोरगा वाईट नाही. पण ज्याला मैदान नुसते मैदान दिसते, त्याच्या हातात मी ते देणार नाही.

४. आता क्लब. शुक्रवार फुटबॉल क्लब, करामा, स्थापना १९९९. स्थापना म्हणजे एका खोलीत राहणारे आम्ही सहा बॅचलर, इमारतीमागचा पार्किंगचा तुकडा आणि "यल्ला, खलास" म्हणत मागे धावणारा वॉचमन. कोणत्याही लीगमध्ये आमचे नाव कधी नव्हते, सरकारदरबारीही नाही. २००३ साली दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका कारखान्यामागची वाळूची जागा मिळाली. गोलपोस्ट मी एसीच्या कामातल्या उरलेल्या पाइपांचे केले. जाळी जहूरने आणली, रत्नागिरीहून, सामानात कोंबून. मासे पकडायची जाळी. कस्टमवाल्याने विचारले तेव्हा म्हणाला, "साब, यह मच्छी का नही, गोल का है." पुढे देशातली सुटी बदलली आणि आमचा शुक्रवारचा खेळ रविवारी सकाळी सहावर गेला. नाव मात्र कोणी बदलू दिले नाही.

जहूर म्हणजे जहूर इब्राहिम परकार, आमचा कॅप्टन. क्लब त्याचा आणि माझा. आमच्याकडे रेफ्री नव्हता, तेव्हा नियम मी केला: चेंडू ज्याला शेवटचा लागला, त्यानेच खरे काय ते सांगायचे. वाळूत चुन्याची रेष दहा मिनिटांत पुसली जाते, म्हणून हाच नियम. आमच्याविरुद्ध खेळायला येणारे सुरुवातीला हसायचे, पुढे पुढे त्यांनाही सवय लागली. पंधरा वर्षे एक भांडण झाले नाही. मला या नियमाचा फार गर्व होता, आणि गर्वाचे घर खाली असते.

५. २०१४ साली अबुधाबीला, खलिफा सिटीत, आम्ही एकदाच कुठल्यातरी स्पर्धेच्या फायनलला पोचलो. एक-एक अशी बरोबरी. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांचा हेडर आला आणि मी तो रेषेच्या आत पकडला. आत म्हणजे वीतभर आत. रेफ्री लांब होता. धावत आला आणि विचारले, "कीपर, अंदर था?" मी म्हणालो, "नही सर." पोस्टपाशी जहूर उभा होता. तो म्हणाला, "सर, गोल है. पूरा अंदर था."

आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये जहूरच्या बायकोने, जहांआरा भाभींनी, जिंकल्यावर खायला म्हणून दिलेला सांदणांचा डबा सगळ्यांच्या पायांशी फिरत राहिला, तो कोणी उघडला नाही. पुढच्या शुक्रवारी मी रजिस्टरमध्ये ठराव लिहिला: संघाविरुद्ध साक्ष दिल्याबद्दल जहूर परकार यांचे नाव कमी करण्यात येत आहे. माझ्याखाली नऊ जणांनी सह्या केल्या. त्यांचा दोष नाही, चेंडू बाहेर होता असे मी त्यांना शपथेवर सांगितले होते. जहूरने ठराव वाचला. "सदा, नियम तूच केलास ना?" एवढेच म्हणाला आणि सामानाच्या पेटीची किल्ली माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून चालत गेला. अकरा वर्षे आम्ही त्याच्याच जाळीत गोल घालत आहोत.

चेंडू आत होता, हे मी इथे प्रथमच लिहीत आहे. आज सकाळी मृणालिनीला सांगितले. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू सगळ्या मॅचबद्दल बोलतोस, त्या एका मॅचबद्दल कधी बोलला नाहीस." मला लाज वाटते. यापेक्षा चांगला शब्द मला सापडला नाही.

६. सबब तो ठराव रद्द. रजिस्टरमधले ते पान फाडू नये. त्यावर "कीपर खोटे बोलला" असे लिहून खाली माझे नाव घालावे.

७. गोलपोस्ट, जाळी, चेंडू, रजिस्टर, पेटीची किल्ली, ग्रुपचे अ‍ॅडमिनपद आणि मैदानाच्या परवानगीवरचा माझा हक्क, हे सर्व जहूर इब्राहिम परकार याला. परवानगीचा कागद माझ्या एकट्याच्या नावावर आहे आणि तो ३० तारखेला संपतो. कारखान्याच्या माणसाने स्पष्ट सांगितले आहे की जबाबदारी घेणारा एक माणूस समोर येऊन सही करेल तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून तिथे ट्रक उभे राहतील. त्या दिवशी मी एकतर अतिदक्षता विभागात असेन किंवा नसेन.

८. जहूरने घेतले नाही, तर क्लब माझ्याबरोबर बंद. पाइप भंगारात द्यावेत. खोटेपणावर अकरा वर्षे चालवला, आणखी कोणाच्या गळ्यात मारणार नाही.

९. वकीलबाईंनी बजावले आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचा वाटा जातो. म्हणून साक्षीला आमचे जुने लेफ्ट बॅक राजाभाऊ थोरात आणि खालच्या टायपिंग सेंटरचे लियाकत यांना बोलावले आहे. जहूरने फक्त वाचायचे आणि हो किंवा नाही म्हणायचे. बुधवारी मी त्याला फोन केला होता. आवाज ओळखून तो म्हणाला, "शनिवारी असरच्या नमाजानंतर बघतो, इन्शाल्ला." एकतीस वर्षे इथे राहून हे इन्शाल्ला कसे घ्यायचे, ते मला कळलेले नाही.

दुपारचे साडेतीन. राजाभाऊ आले आहेत. जहूर नाही.

सव्वाचार. मृणालिनीने दुसऱ्यांदा चहा केला. राजाभाऊ खिडकीशी उभे आहेत.

चार चाळीस. जहूर आला आहे. दाढी पांढरी झाली. चहा नको म्हणाला. कलम पाच दोनदा वाचले, आता पुढची पाने वाचतो आहे. त्याच्या तोंडावरून काही समजत नाही. त्याने माझ्याकडे पेन मागितले आहे, म्हणून आधी माझी सही करून घेतो.

(सही) सदानंद दत्ताजी सरनाईक

साक्षीदार क्र. १: सदानंद यांनी माझ्यासमोर सही केली. २०१४ च्या ठरावावर माझीही सही आहे, ती मी मागे घेतो.
(सही) राजाभाऊ बळवंत थोरात

साक्षीदार क्र. २: लियाकतला वर बोलवू नका, त्याला खाली मुखत्यारपत्र टाइप करायला सांगा. ते सदाने जिवंतपणीच माझ्या नावाने करून द्यावं, सोमवारी सकाळी नोटरीकडे मी त्याला घेऊन जातो. ३० तारखेची सही मी करीन, तो येईपर्यंत चुनाही मारीन. पण क्लब घेणार नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही, हे कलम नऊ वाचून मी ही सही करतो आहे. आता कलम आठप्रमाणे सदा गेला तर क्लब बंद, तेव्हा त्याला परत यावंच लागेल. कलम पाचमध्ये एक दुरुस्ती: चेंडू वीतभर नाही, चांगला हातभर आत होता. बाकी मजकूर खरा आहे.
(सही) जहूर इब्राहिम परकार

ठिकाण: करामा, दुबई
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५