कोरडा पिंजरा

४ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंचं नवीन खूळ! आमच्या आसराघरात भटक्या कुत्र्यांचे दोन पिंजरे केलेत. डाव्याला जेवणात चरबी घालायची, उजव्याला नाही. थंडी कोण चांगली काढतं ते बघणार म्हणे. मी म्हटलं, बघायचंय काय त्यात? तेलावाचून दिवा जळतो का? तर म्हणाल्या, "मावशी, समितीला पुरावा लागतो. चरबीवर खर्च कशाला, असं विचारतात." खाटकाकडनं चरबी आणायची मी, वितळवायची मी — आणि पुरावा समितीला!

७ डिसेंबर
थंडी वाढली. चरबीवाले जेवले की निवांत पडतात. कोरड्या पिंजऱ्यातला लंगड्या मात्र मुटकुळं करून कुडकुडतो. माझ्याकडे बघतो. बघू नको म्हटलं तरी बघतो.

८ डिसेंबर
पातेल्याच्या तळाला चरबी थिजून राहते. ती धुण्यात जायची. पावाने पुसून घेतली आणि ते पाव टाकले कोरड्या पिंजऱ्यात. मी पातेलं पुसलं, चरबी घातली नाही. फरक आहे!

१३ डिसेंबर
तळाला हल्ली जरा जास्तच राहते. डाव झटकत नाही मी. लंगड्या पाय पसरून झोपलेला असतो सकाळी. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "माझ्या भाजीत तेल घालताना बरा हात आखडतो तुझा!" म्हटलं, तुम्ही झोपता का उघड्यावर?

२० डिसेंबर
वजनं झाली. दोन्ही पिंजरे सारखेच! बाई काट्याकडे बघतात, कुत्र्यांकडे बघतात. मला आतून हसू. सगळे पास!

२२ डिसेंबर
माझं मेलीचं डोकं फिरलंय. समितीचे अध्यक्ष येऊन गेले. "चरबी घाला, नाहीतर घालू नका, काही फरक नाही. सिद्ध झालं ना? मग बंद करा, सगळ्यांचीच." बाईंचं तोंड एवढंसं झालं. मी झाडू धरून उभी. एरवी कुणाच्या बापाला ऐकत नाही, आज दातखीळ बसली. बोलले तर नोकरी जाईल — दुसरं काय!

२४ डिसेंबर
दोन्ही पिंजरे कुडकुडतात. लंगड्याने थाळीला तोंड लावलं नाही. पातेलंच चुलीवर चढत नाही, पुसू काय? एकाला घास द्यायला गेले आणि सगळ्यांच्या तोंडचा काढला.

२५ डिसेंबर
सांगितलं बाईंना. डाव, पाव, सगळं. त्यांनी तिथल्या तिथे अध्यक्षांना फोन लावला. चरबी उद्यापासून परत सुरू. वाढायला मी नाही.