बांधाबाहेरचा तुकडा

सनाबिस, बहरीन
१० जानेवारी २०२५

लाडक्या रशीस,

सलाम आणि पोटभर दुआ. तुझे गुडघे काय म्हणतात? जमालभाईंची साखर आटोक्यात आहे ना? इथे थंडी पडली आहे. थंडी म्हणजे काय, पहाटे पंखा बंद करावा एवढीच. पण नुमान ऑफिसला निघताना मफलर गुंडाळतो आणि अलिना त्याला हसते.

सून माझी गुणाची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. सलमाबादच्या एका कंपनीत असते. ती कंपनी बागांना माती पुरवते. दिवसभर लॅबमध्ये माती चाळायची, भिजवायची, तिच्यातलं मीठ मोजायचं. या देशात माती पोत्यातून विकत आणतात, कारण अंगणात खणलं की खाली खारट पांढरा पापुद्राच लागतो. परवा ती जेवताना मातीच्या जाती सांगत होती आणि मला आपल्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर इग्नेशिया आठवल्या. ओली माती मुठीत दाबा, बोटांतून फीत निघते का बघा. फीत लांब निघाली तर चिकण, निघालीच नाही तर रेती, आणि निघून मध्येच तुटली तर पोयटा. तू शहाणी, सरळ दाताखाली धरलीस. "सिस्टर, जरा करकरते आणि जरा लोण्यासारखी लागते, म्हणजे पोयटाच." सिस्टरनी तुला चूळ भरायला पाठवलं आणि पैकीच्या पैकी मार्क दिले.

अब्बांना मी ते कौतुकाने सांगितलं तर म्हणाले, दाताला काय कळतं? खाडीकाठी मातीची जात पाण्याला विचारायची. ज्या भरतीला पाणी आलं तिच्याच ओहोटीला बांधातल्या उघाडीतून निघून गेलं, ती पहिली. दोन भरत्या थांबलं, ती दुसरी. आणि जे घरच करून राहिलं, ती जमीन खेकड्यांची. उघाडीची ती लाकडी झडप भरतीला मिटायची आणि ओहोटीला उघडायची, ते बघत आपण किती वेळ बसायचो गं.

भाईंचा फोन आला होता. नोव्हेंबरच्या उधाणात बांध फुटून सगळं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं म्हणतात. आता नवा बांध जुन्या बांधाच्या आत घालायचा, तो माझ्या तुकड्यामधून जाणार. म्हणजे माझी अर्धी जमीन खाडीला द्यायची आणि त्यांची सगळी आत राहायची. त्याला माझी संमती हवी. पावसाआधी चिखल उन्हात बसला पाहिजे म्हणून घाई आहे. सही करीन. सही काही पळून जात नाही.

यंदा भाकरीला तांदूळ घरचाच का गं? सहज विचारते.

एक काम कर. तुमच्या शेजारचा नजीब फेब्रुवारीत सुट्टीवरून परत इकडे येतोय. त्याच्याबरोबर आपल्या शेतातली थोडी माती पाठव. माझ्या तुकड्यातली नको, भाईंच्या तुकड्यातली, चिंचेकडच्या कोपऱ्यातली. नळाच्या पाइपचा हातभर तुकडा जमिनीत ठोकायचा आणि मातीसकट उपटायचा, म्हणजे थर मोडत नाहीत. अलिनाला आपली माती बघायची आहे. मलाही आठवण म्हणून.

मोबाईलवर उत्तर पाठवू नकोस. तुझा मोबाईल घरात सगळेच हाताळतात. आणि हे पत्र भाईंना दाखवलंच पाहिजे असं नाही.

तुझीच,
ताहेरा


सनाबिस
२१ फेब्रुवारी २०२५

रशीदा भाभीस,

सलाम. माती पोचली. नजीबने पाइप सुक्या बोंबलांत गुंडाळून आणला. एअरपोर्टवर त्या वासापुढे कुणी बॅग उघडायला धजलं नाही, असं तो हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

अलिनाने पाइप उभा चिरला आणि माती वर्तमानपत्रावर आडवी घातली. वर तीन बोटं निळसर करडा चिखल, कुजक्या अंड्याच्या वासाचा. त्याखाली आपला तपकिरी पोयटा, आणि त्यात गंजासारख्या तांबड्या बारीक रेघा, केसांसारख्या. मी विचारलं, या कसल्या? ती म्हणाली, "राइस रूट्स, अम्मी." भाताचं मूळ पाण्याखालीही श्वास खाली नेतं. त्या वाटेने हवा जाते आणि मातीतलं लोखंड गंजतं. मूळ मरून गेलं तरी रेघ राहते.

म्हणजे भात होतं तिथे. आणि वरचा चिखल? तो खाडीतून आणून लिंपायला किती वेळ लागतो? नजीब शपथेवर सांगतो, "खाला, जमालचाचांनी स्वतः ठोकला पाइप, मांडीभर खाऱ्या पाण्यात उभं राहून." नजीब तुमच्या दारचा. तो दुसरं काय सांगणार?

मी विचारल्याशिवाय तू काही बोलणार नाहीस, तेव्हा मीच बोलते. भाईंनी ज्या आठवड्यात सगळं बुडालं म्हणून फोन केला, त्याच आठवड्यात तुझा मेसेज आला होता. Yanda 5 khandi gelya. Baki thik. मोबाईलमध्ये अजून आहे. पाच खंडी भात बाजारात गेलं आणि बाकी ठीक. बुडालेल्या शेतातून पाच खंडी निघतात? घाईत तुझ्या हातून खरं लिहून गेलं, एवढंच मला कळतं. माझं खाडीला द्यायचं आणि तुमचं कोरडं राखायचं, यासाठीच हा बांध.

जमीन गेल्याचं दुःख नाही. मी काही तिथे परत येऊन पेरणार नव्हते. पण तुला माझ्या माहेरात मी आणलं, माझ्या वर्गातली, होस्टेलात माझ्या बाजूच्या खाटेवरची म्हणून. भाईंनी लपवलं असतं तर भाऊ म्हणून सोडून दिलं असतं. तू लपवलंस.

मी काही नुसती गप्प बसलेली नाही, हे माहीत असावं.

सही करणार नाही. तब्येतीची काळजी घ्यावी.

ताहेरा


सनाबिस
९ मार्च २०२५

रशी,

रोजे सुरू झाले. इफ्तारला अलिना खजुराबरोबर इथली गहू-मटणाची हरीस करते आणि मी मुद्दाम आपली तांदळाची बोरं तळते. नुमान दोन्ही खातो. हे सगळं मी का लिहिते आहे? कारण पुढचं लिहायला हात उचलत नाही.

अलिनाने तो चिखल लॅबमध्ये नेला होता. मीच सांगितलं होतं, हा हाताने लिंपलेला आहे असं लिहून आण. परवा संध्याकाळी ती वाळलेली वडी घेऊन आली, मला खिडकीशी बसवलं आणि हातात भिंग दिलं. करड्या चिखलात पापुद्रे होते, रोट्यांची चळत असावी तसे, एकावर एक. जाड, पातळ, परत जाड. ती म्हणाली, प्रत्येक भरती आपला एक पापुद्रा ठेवून जाते, मोठी जाड, लहान पातळ. हाताने लिंपला तर सगळा एकजीव होतो, असा पत्तीपत्तीचा होत नाही. पापुद्र्यांमध्ये मोहरीएवढ्या गोगलगायी होत्या, जिथे जगल्या तिथेच मेलेल्या. ही जमीन आता कुठल्या वर्गात बसते, असं मी विचारलं. तिने त्यांचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. पोयटा, खारा, निचरा नाही. मला अब्बांचं नाव पुरे होतं. खेकड्यांची.

तरीही मी मागे हटले नाही, रशी. मी म्हटलं, मग हे काय? आणि तुझा मेसेज तिच्यापुढे धरला. पोरीला खंडी माहीत नाही, मण माहीत नाही. तिने आपलं इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून वाचलं, a चा आ करून.

"यंदा पाच खांडी गेल्या. व्हॉट इज खांडी, अम्मी?"

मी तिला सुधारायला तोंड उघडलं. खांडी नाही गं, खंडी, धान्याचं माप. आणि मेसेज मीच परत वाचला.

खांड गेली. चाळीस वर्षं हा शब्द माझ्या कानावर पडला नव्हता. इथे कुठल्या बांधाला खांड जाणार? पण तुला आठवतं ना, दहावीच्या सुट्टीत तू आमच्याकडे आली होतीस तो शुक्रवार? जुम्याची नमाज सुटता सुटता कुणीतरी खाडीकडून ओरडत आलं, खांड गेली होऽ, आणि माणसं चपला शोधायला थांबली नाहीत. पलीकडच्या आळीतले आगरी फावडी घेऊन आले. पेंढ्याच्या जुड्या, चिखलाच्या पाट्या, बायकासुद्धा. आपण दोघी पाट्या देत होतो. तू कमरेपर्यंत रुतलीस आणि भाईंनी तुला ओढून काढलं. तुझा कॉन्व्हेंटचा काळा बूट आतच राहिला. त्यावरच सगळ्यांनी चिखल टाकला. भाई तुला म्हणाले होते, "राहू दे, बांधाला तेवढाच आधार." त्यांना मी पहिल्यांदा लाजताना पाहिलं ते तेव्हा.

आणि मी, त्या घरची मुलगी, खांडी वाचून धान्य मोजत बसले. बांधाला पाच ठिकाणी भगदाडं पडली, हे तू मला तुझ्या हाताने कळवलं होतंस. बाकी ठीक, म्हणजे माणसं ठीक. मी एक फोन करून विचारलं असतं तरी संपलं असतं. विचारलं नाही, कारण मला उत्तर आधीच ठाऊक आहे असं वाटत होतं. इथे बसून मला रोज वाटतं की तिथलं सगळं माझ्यावाचून वाटून घेतलं जातंय. हे बरोबर नाही, पण आहे ते असं आहे.

मी भाईंना फोन केला. त्यांनी नेहमीसारखं साखरेचं सांगितलं, नुमानचं विचारलं. मी इफ्तारच्या बोरांचं सांगत राहिले. शेवटी तेच म्हणाले, "माती बघितलीस का? चिंचेकडे पाइप जात नव्हता, दोनदा काढून ठोकला. थर मोडू देऊ नका असं तू लिहिलं होतंस म्हणे." म्हणजे तू त्यांना पत्र दाखवलंस. पहिलं तरी. मी नको म्हटलं होतं, आणि तू लपवलं नाहीस. दुसरंही दाखवलंस का, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

आता जे मागच्या पत्रात अर्धवट ठेवलं ते. तुझा मेसेज मी पनवेलच्या वकिलांना पाठवला होता, पाच खंडी असा उलगडा करून. त्यांनी भाईंच्या नावाने नोटीस तयार केली. काल थांबवायला फोन केला तर म्हणाले, मॅडम, नोटीस गेली. तिच्यात लिहिलं आहे की भाईंनी पीक लपवून बहिणीला फसवलं. खाली माझं नाव आहे.

एम्बसीत जाऊन मी संमतीवर सही केली. तिथल्या बाईंनी विचारलं, यात तुमची अर्धी जमीन बांधाबाहेर जाते, वाचलंय ना? मी हो म्हटलं. कागद याच पाकिटात आहेत. बांध माझ्या तुकड्यातून घाला, भाई म्हणतील तिथून. बाहेरचा तुकडा खाडीला राहू दे. तुझा बूटही तिकडेच आहे.

माझा कुरियर आधी पोचतो की वकिलांचं पोस्ट, मला माहीत नाही. नोटीस आधी आली असेल तर भाईंनी ती वाचली असेल, आणि मग हे पत्र तू त्यांना वाचून दाखवलंस तरी त्यांना ते ऐकावंसं वाटेलच असं नाही. हे आधी आलं असेल तर पोस्टमनकडून ती तूच घे. फाडू नकोस. त्यांच्यापुढे बसून, आधी हे आणि मग ते, दोन्ही वाच.

उत्तर मोबाईलवर नको. या वेळी कुणी बघेल म्हणून नाही. चारच ओळी लिही, पण तुझ्या अक्षरात, काना जिथे आहे तिथे काना देऊन.

तुझी नणंद, की नोटिशीतली अर्जदार, ते आता तुम्ही दोघांनी ठरवायचं,
ताहेरा