ओल्या बोटाची रेघ

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहायचा कंटाळा, तेव्हा हे कुठं पोचणार नाही. तरी लिहिते. ही गोष्ट सांगावी असं माणूस घरात एकच, तुझी नात, आणि तिच्यापासूनच ती लपवायची आहे.

तू गेलीस तेव्हा ती पाळण्यात होती. आता रोज एसटीनं लोणखेड्याच्या कॉलेजात जाते. तिथल्या प्रदर्शनासाठी तिनं दाराएवढं कापड लाकडावर ताणलं आणि पंधरा दिवस त्याला रंग फासला. नाव काय, तर ‘आमची गल्ली’. मी बघितलं तर घर नाही, ओटा नाही, नळ नाही, माणूस नाही. राखाडी-पिवळे फराटे आणि मधे एक लालभडक डाग. मी विचारलं, “आपली गल्ली कोठे शे यामा?” तर म्हणते, “पुरी शे, मम्मी. तू घरं मोजी ऱ्हायनी, म्हणून दिसत नही.” आधी काही ठरवलंच नव्हतं म्हणे, हात गेला तसा जाऊ दिला. मला नाही पटलं. हात आपोआप जात नसतो, त्याला कुणीतरी पाठवतं. मला वाटलं, पोरीला आपली लाज वाटते. मिरची वाळवायच्या पथारीमागची गल्ली, दारादारात पदर झटकणाऱ्या बाया, तो ठसका, आमची लाल नखं, हे कॉलेजातल्या पोरींना दिसू नये म्हणून हिनं सगळ्यावरून रंग ओढला. तू त्यात नाहीस, मी नाही. नाव तेवढं ठेवलं, गरिबाच्या घरची असल्याचं कौतुक व्हावं म्हणून.

मला पथारीवरचा तो दिवस आठवला. जिकडं बघावं तिकडं मिरची वाळत पडलेली आणि तू देठ खुडते आहेस. मी सात-आठ वर्षांची, ढिगातून चकचकीत मिरच्या वेचून तुझ्यापुढं धरते. तू मान वळवत नाहीस. तोंडानं शेजारणीच्या सुनेची निंदा चालू, डोळे रस्त्यावर, आणि बोटं आपली खुडताहेत, एक देठ चुकत नाही. न बघताच म्हणतेस, “रंग देखीसन भुलू नको. बोट वलं कर नि घसी देख.” मी थुंकी लावून घासलं. बोट लाल झालं. कुणीतरी जुन्या मालाला रंग चोळून आणला होता. तू मूठभर मिरच्या माझ्या हातातून उडवल्यास आणि चार बायांसमोर टपली दिलीस. तेव्हापासून मी साडीसुद्धा ओलं बोट फिरवल्याशिवाय घेत नाही. दुकानदार वैतागतात. वैतागू देत.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी पोरगी खिळे आणायला गेली. चित्र भिंतीला टेकवलेलं. मी बोट ओलं केलं आणि त्या लाल डागावर घासलं. वरून खडखडीत वाळलेला रंग आत लोण्यासारखा मऊ होता. बोट भरलं, घसरलं, आणि राखाडीत वीतभर लाल रेघ उमटली. खोटं ते खोटंच, असं मनात आलं आणि लगेच ध्यानात आलं, पंधरा दिवसांची तिची मेहनत. मी बोट परकराला पुसलं आणि डाळ निवडायला बसले.

ती आली. खिळे ठेवून चित्रापुढं उभी राहिली. मी सुपातून मान वर केली नाही. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “ही रेघ मी कधी मारली?” आणि मागं सरकून बघत, “ऱ्हाऊ दे. इथंच पाहिजे होती.” तिनं माझ्या हाताकडं बघितलं का, ते कळलं नाही. नखात लाल होतं. पण आपल्या घरात ते नेहमीचंच.

दुसऱ्या दिवशी मला ओढत घेऊन गेली. मला वाटलं, मागच्या खुर्चीत बसवून ठेवील. तर सरांपुढं, सगळ्या पोरापोरींपुढं माझा दंड धरून म्हणाली, “ही माझी मम्मी. पथारीवर देठ खुडते. आजीपण तेच करायची, न बघता. मी रंग लावताना तेच करून पाहिलं.” हे मीच तिला कधीतरी सांगितलं असणार, मला आठवतही नाही. सरांनी त्या रेघेजवळ बोट नेऊन विचारलं, “आणि हे?” ती म्हणाली, “ते हातानं आपोआप झालं.” कुणाच्या हातानं, ते बोलली नाही. मी हात पदराखाली घेतला.

चित्र आता घरात आहे. रेघ वाळली. तिला ठाऊक आहे की नाही, मी विचारलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तुला मात्र सांगते, माय. रंग बोटावर उतरला, म्हणजे तुझ्या शिकवणीप्रमाणं तो खोटा. पण तो नुसता आतून ओला होता, खोटा नव्हता; तुझी शिकवण तिथं चुकली. आणि मी बोट घासून पारखलं ते रंगाला नाही, पोरीला.