तुमच्या ओट्यावर शिकलेली तुरपाई

बाई,

काल सकाळी पोराची पँट आखूड करायला बसले आणि पहिल्याच टाक्याला तुमचं बोलणं आठवलं. कापडाचा एकच धागा उचलायचा, वरून टाका दिसला तर ती तुरपाई नव्हे, ठिगळ. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचा आवाज माझ्या बोटांतून जात नाही, याचा मला राग येतो.

पँट त्यानं मोबाइलवरून मागवली होती. कमरेत नीट, पण लांबीला टाचेखाली लोळत होती. नोकरीच्या मुलाखतीला घालायची म्हणून मी ती दवाखान्यातल्या कामावरून येताना बीडच्या टेलरकडं नेली, तर त्यानं एवढ्याशा कामाचे जे पैसे सांगितले ते ऐकून पिशवी तशीच उचलून घरी आले. हे काम मला येतं. तुम्हीच शिकवलंय.

धारूरच्या शाळेत तुम्ही शिवण शिकवायच्या आणि मी आठवीत होते. तुम्ही रुमालाच्या कडा शिवायला दिल्या होत्या. माझा रुमाल खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिलात आणि म्हणालात, हात साफ हाय तुझा, रविवारी घरी येत जा, पुढचं शिकवते. माझी आई जन्मभर लोकांच्या रानात खुरपत आली होती. आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरीला बाईनं आपणहून घरी बोलावलं, हे तिनं शेजारपाजारी सांगितलं. रविवारी तिनं माझी वेणी घट्ट घातली आणि तुमच्यासाठी भाजलेल्या शेंगांचं पुडकं बांधून दिलं.

तुमच्या घरी मला दाराबाहेरचा ओटा मिळाला. शेंगा कोपऱ्यात ठेवायला सांगितल्यात. मग आतून सरांच्या, म्हणजे तुमच्या मालकांच्या, आणि तुमच्या दोन मुलांच्या पँटी आल्या. शिकवलंत मात्र मन लावून, तेवढं मला नाकारता येत नाही. नवी पँट आधी धुऊन घ्यायची, कापड आटतं. घालणाऱ्यानं पायात चप्पल घालून सरळ उभं राहायचं, स्वतः वाकून बघायचं नाही, वाकलं की माप चुकतं. टाचणी मागून टाचेपाशी लावायची. जादाचं कापड कापायचं नाही, आत दुमडून ठेवायचं, म्हणजे पोरगं वाढलं की उसवून लांब करता येतं. हे सगळं तुम्ही तोंडी सांगायच्या. टाचण्या घरात तुम्हीच लावून आणायच्या. मुलं माझ्यासमोर मापाला कधी उभी राहिली नाहीत. तेव्हा मला वाटायचं, मोठ्या घरातली मुलं लाजत असतील.

उन्हाळ्यातला तो रविवार. तुमच्या थोरल्याला नांदूरघाटला लग्नाला जायचं होतं, त्याची नवी पँट मी दुपारपर्यंत संपवली. कुठंही टाका दिसत नव्हता. मी निघाले आणि कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं की ओढणी ओट्यावरच राहिली. परत आले तर तुम्ही न्हाणीपाशी उभ्या होतात आणि ती पँट बादलीत होती. थोरला चिडलेला. आई, सकाळीच धुतली होती की, आता वाळणार कधी, असं म्हणत होता.

तुम्ही म्हणालात, "तिचा हात लागलाय. पाण्यातून काढल्याबिगर आत न्यायची न्हाई."

मग मान वळवलीत आणि मी दिसले. तुमचा चेहरा बदलला नाही. फक्त विचारलंत, "तू अजून हितंच?" मी ओढणी उचलली. कोपऱ्यातलं आईचं पुडकं तसंच बांधलेलं होतं. तेही मी उचललं आणि वाटेत एका बांधावर बसून एकटीनं सगळ्या शेंगा खाल्ल्या, कारण त्या परत घरी नेल्या असत्या तर आईनं विचारलं असतं.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. आई रागावली, म्हणाली एवढी चांगली बाई, का म्हून जात न्हाईस? मी पोट दुखतंय म्हणाले. सोमवारी तुम्ही भर वर्गात मला उभं केलंत आणि चार गोष्टी आल्या की काहींना लगेच माज येतो, असं म्हणालात. पोरी खाली बघत होत्या. मी तुमच्याकडंच बघत होते, आणि तुम्ही फळ्याकडं.

तरीही शिवणात पहिला नंबर तुम्ही मलाच दिलात. दहावीच्या निरोपसमारंभाला छोटी कात्री बक्षीस दिलीत, तीही हातात नाही, टेबलावर ठेवलीत. लोक म्हणतात कात्री हातात देऊ नये, भांडण होतं. मी कित्येक वर्षं तेच कारण धरून बसले होते. माणूस किती कारणं शोधतं, बाई, कुणाला तरी चांगलं ठरवायला.

तुम्ही गेल्याचं मला नेकनूरच्या बसमध्ये वर्गातल्या एका मैत्रिणीकडून कळलं. ती रडवेली झाली होती. मी बरं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. माझी आई त्याच्या आधीच गेली होती. तुम्ही तिच्या लेकीवर उपकार केलेत असंच समजून ती गेली. बादलीतल्या पँटीचं मी तिला कधी सांगितलं नाही, आणि तुम्हालाही कधी विचारलं नाही की त्या हातांनी शिवलेलं चालत होतं तर ते हात का चालत नव्हते.

काल पँट संपवून पोराला दिली. त्यानं ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, टाका त्याला सापडेना. कुठं शिकलीस हे, म्हणाला.

मी म्हणाले, "तुझ्या आजीनं शिकवलं."

आजीनं आयुष्यात गोधड्या शिवल्या, त्याही ढोबळ टाक्यांनी. पँट आमच्या घरात तेव्हा कुणी घालतही नव्हतं. पोरगा आजीला लई भारी येत होतं म्हणाला आणि तिच्या फोटोकडं बघून हसला. मी त्याला खरं सांगणार नाही. हा कागदही कुठं जाणार नाही, तुमच्या घराला कधीचं कुलूप आहे. पण तुमचं नाव खोडून मी तिथं माझ्या आईचं घातलं, आणि बाई, मला फार बरं वाटलं.